रुमालाखालची सुट्टी

दोंडाईच्याला आगगाडीतून उतरून बैलगाडीने तापीवर पोहोचेपर्यंत उन्हे चांगली वर आली होती. पलीकडच्या काठाला सारंगखेड्याची यात्रा भरलेली. घोड्यांचे खिंकाळणे अलीकडे ऐकू येत होते. नावेत बसतो न बसतो तोच नावाड्याने मला काहीतरी लांबलचक विचारले. अहिराणीतले एक अक्षर कळेल तर शपथ! शेवटी शेजारी बसलेला खाकी अर्ध्या चड्डीतला गोरा इंग्रजीत म्हणाला, "घोडा घ्यायला आलात की नुसता बघायला, असं विचारतोय तो." पुण्याच्या मास्तराला खानदेशी बोली एका जर्मनाने समजावून सांगावी, यापरते हसे ते कोणते?

उतरताना माझा पाय गाळात रुतला आणि वहाण आतच राहिली. कोपरापर्यंत हात घालून ती त्यानेच काढून दिली, म्हणून ओळख झाली. नाव ओटो. शहाद्याच्या एका जिनात (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) तो मिस्त्री होता आणि लोक त्याला ओटोभाऊ म्हणत.

बाभळीखाली बसून आम्ही वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) खाल्ली. भरीत असे झणझणीत की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी. ओटो मात्र मजेत. आपल्या गावी तो कारखान्यात काम करी. पुढे कामगार संघाचा पुढारी झाला, मग नगरसभेवर निवडून आला. मजुरांच्या आळीत नळ आणले हे सांगताना स्वारी इतकी खुलली की घास हातातच राहिला. नंतर नवी राजवट आली. संघ बंद पडला, सभासदत्व गेले, तुरुंग झाला. सुटल्यावर त्याने इकडची बोट गाठली. हे सगळे तो शांतपणे सांगत होता.

सध्या त्याला एकच घोर होता. जिनातल्या बाया सकाळी तान्ही मुले एका म्हातारीच्या स्वाधीन करून आत जात, त्या दिवेलागणीलाच बाहेर येत. मुलांना पाजायला त्याने सगळ्या मजुरांदेखत शेठकडे दुपारची तासभर सुट्टी मागितली. शेठ सगळ्यांदेखत नाही म्हणाले. आता शेठनी शब्द मागे घ्यायचा तर त्यांच्या अब्रूचा प्रश्न.

शेठ यात्रेतच होते, घोडीचा सौदा करत. रुमालाखाली त्यांचा नि विकणाऱ्याचा हात, आणि भाव बोटांनी चाललेला. असे लपून का, म्हणून ओटोने शेजारी उभ्या दलालाला विचारले.

"चार लोकेसमा कोनीच मान खाले होत नही," दलाल म्हणाला.

ओटो माझ्याकडे वळून म्हणाला, "तीस वर्षं मी मालकांना चारचौघांत वाकवलं. ते वाकले, पण विसरले नाहीत."

घोडी मिळाली, शेठ खुशीत आले. ओटोने खांद्यावरचा पंचा काढून त्यांच्या हातावर टाकला.

"काय ओटोभाऊ, तुमलेबी घोडी लेवानी शे का?"

"नही शेठ. दुपारनी सुट्टी लेवानी शे. एक बोट म्हणजे पाव तास."

शेठ आधी हसले, मग हसायचे थांबले. पंचा खालून हलत राहिला. अखेर दोघांनी हात काढले आणि दलालाने सौदा झाल्याचे पुकारले. कोण किती सरकले, कुणालाच कळले नाही.

दुसऱ्या दिवशी मी ओटोबरोबर शहाद्याला गेलो. दुपारी जिनाची घरघर थांबली. अंगाखांद्यावर कापूस चिकटलेल्या बाया निंबाखाली मुलांकडे धावल्या. एकीने सुट्टी कोणी दिली म्हणून विचारले.

"शेठनी दिनी," ओटो म्हणाला. दारात उभे असलेले शेठ उगाचच पगडी सारखी करू लागले.

निवडणुका जिंकलेला तू माणूस, असले श्रेय सोडतोस कसा, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "मुलं दूध पिताहेत ना?"

पुण्यात आल्यापासून जो तो मला विचारतो, शेवटी बोटे किती ठरली? माझ्या खिशात घड्याळ होते. पण त्या बाया मुलांना पाजत बसल्या होत्या, तेव्हा ते बाहेर काढायला माझा हात धजला नाही.