अनधिकृत गाठीचं पाणी

"ही गाठ म्हणजे एक अनधिकृत इमारत आहे, असं समजा," मी समोर बसलेल्या काशिनाथकाकांच्या अख्ख्या कुटुंबाला म्हणालो. पुतण्या चपलेकडे बघायला लागला. काकू पदर सारखा करायला लागल्या. मला वाटलं, काय उदाहरण सुचलं, सगळे विचारात पडले! नंतर आमच्या सिस्टरने सांगितलं, की राई गावात खाडीच्या बाजूला यांची चाळ आहे आणि तिच्यावर नुकतेच दोन मजले चढलेत. परवानगीचं विचारलं, तर सिस्टर नुसतीच हसली.

मी कर्करोगाचा डॉक्टर. पूनम सागर वसाहतीत माझं छोटं डे-केअर सेंटर आहे. सकाळी यायचं, केमोचं सलाईन लावून घ्यायचं, संध्याकाळी घरी जायचं. काशिनाथकाका असे येत. कधीकाळी मिठागर आणि भातशेती, आता हाटकेश भागात भाड्याने दिलेले गाळे. त्यांच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढून झाली होती, पण यकृतात एक ठिपका उतरला होता. औषधाने तो लहान झाला, की सर्जन तो कापून काढणार होते. ते जमलं तर काका पुरते बरे होण्याची आशा होती. नाही जमलं, तर नुसतं लांबवत राहायचं. सगळी मदार त्या ऑपरेशनवर होती.

केमोबरोबर एक खास औषध द्यायचं होतं, ते समजावायला तर मी ती इमारत उभी केली. गाठ वाढायला लागली, की तिला रक्त पुरेनासं होतं. मग ती एक रसायन सोडते, त्याला व्हीईजीएफ म्हणतात. ते आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना सांगतं, इकडे एक फाटा काढा. आणि त्या बिचाऱ्या काढतात! त्याच घराण्यातली दुसरी रसायनं लसिकावाहिन्या वाढवतात. त्या म्हणजे शरीराची गटारं, पेशींमधलं जादाचं पाणी वाहून नेणारी. इमारतीला पाण्याची लाइन मिळाली, गटार मिळालं, की आतल्या रहिवाशांना बाहेर पडायलाही रस्ता होतो. गटारातून निघालेल्या पेशी लसिकाग्रंथींत जाऊन बसतात, रक्तातून निघालेल्या यकृतात किंवा फुप्फुसात. आमचं औषध त्या पहिल्या रसायनाला अडवतं.

"म्हंजे पानी तोडाचा," काका म्हणाले.

"बरोब्बर," मी म्हणालो. इतका हुशार पेशंट मिळाल्याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. घरी जेवतानाही तेच सांगत होतो.

औषध लागू पडलं. स्कॅनमध्ये ठिपका निम्मा झाला. सर्जनने तारीख दिली आणि मी ते खास औषध थांबवलं. थांबवावंच लागतं, कारण ऑपरेशनची जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात. औषधाला चांगला फाटा कोणता आणि वाईट कोणता, ते कळत नाही. ते अंगातून जाईपर्यंत काही आठवडे थांबायचं, मग ऑपरेशन.

तारीख जवळ आली आणि सर्जनचा फोन आला. हा माझा कॉलेजपासूनचा मित्र, गोड बोलणं त्याला जमत नाही.

"बॉस, तुझा पेशंट पांढराफटक पडलाय. हिमोग्लोबिन खाली, वजन खाली. असं यकृत मी कापणार नाही. कुठे ब्लीडिंग होतंय का बघ, आणि लवकर बघ. औषध बंद आहे, गाठ काय आपल्यासाठी थांबणारे?"

रक्तस्राव हा त्या औषधाचा माहीत असलेला त्रास आहे. तपासण्या केल्या, दुर्बीण घातली. कुठे थेंब नाही. रक्त बघितलं तर लोह अगदी तळाला गेलेलं. मी सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, मी लिहून दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना? काकूंनी अभिमानाने सांगितलं, की त्या कधीच बंद केल्या.

"कोणी सांगितलं?"

"तुमीच," काकू म्हणाल्या. "तुमीच बोल्लाव ना, रगत गेला का गाठ वाढतंय. तुमचा औषिद एका बाजूनं तोडतंय, आमी दुसऱ्या बाजूनं तोडला. म्हावरा बंद, मटन बंद, बीटपन बंद. रगत होनारच न्हाय, त गाठीला देल कोन?"

काका भिंतीकडे बघत होते. उकडलेल्या दुधीवर दिवस काढलेल्या माणसाचा चेहरा होता तो. एवढ्यात पुतण्याने मला अनुभवाची गोष्ट समजावली. "डॉक्टरसाहेब, नुसती मेन लाइन तोडून कोण खाली करत नाय. टँकरपण बंद करायला लागतो."

मला हसू यायला नको होतं. पण आलं, आणि असं आलं की आवरेना. सिस्टर औषधाच्या कपाटामागे गेली. शेवटी काकाच हसायला लागले, मग काकू, का हसतोय ते न कळता.

हसू ओसरल्यावर मी नीट बसलो. काकूंना सांगितलं, की माणूस उपाशी राहिला तरी गाठ उपाशी राहत नाही. उलट रक्त कमी होऊन प्राणवायू कमी पडला, की ती ते रसायन जास्तच सोडते, म्हणजे आणखी फाटे. आणि आता ऑपरेशनच्या जखमेला स्वतःचं रक्त हवंय.

काकूंनी खात्री करून घेतली. "म्हंजे आता पानी सोडाचा?"

"फुल प्रेशरने," मी म्हणालो, आणि लगेच घाबरून रोजचं जेवण कागदावर लिहून दिलं.

लोह सलाईनमधून दिलं. बाकीचं काकूंनी केलं. मी अंडी, डाळी, पालेभाज्या, कलेजी लिहिली होती. चिंबोऱ्या आणि निवट्या, म्हणजे खाडीतले खेकडे आणि चिखलातले मासे, त्यांनी आपल्या मनाने वाढवल्या. काका डबा घेऊन आले, की वास पार लिफ्टपर्यंत जाई आणि शेजारच्या खाटेवरचे गुजराती आजोबा नाकाला रुमाल लावून म्हणत, "काका, रिकवरी तो दिख रही है." काकांचे गाल भरले. सर्जनने पुन्हा रक्त बघितलं, "आता माणूस दिसतोय," म्हणाला आणि ऑपरेशन केलं. ठिपका सगळा निघाला, कडा स्वच्छ. जखमही वेळेत भरली. परवाच्या स्कॅनमध्ये काही नाही.

तेव्हापासून मी पेशंटला "समजलं का?" असं विचारत नाही. समजलेलंच असतं. "आता घरी जाऊन काय करणार?" असं विचारतो. सेंटरची निम्मी करमणूक त्यावर चालते.

स्कॅन आला त्या संध्याकाळी मी घरी जवळजवळ नाचतच गेलो. बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, मग म्हणाली, "औषधाने गाठ लहान केली, सर्जनने काढली, काकूंनी रक्त भरून काढलं. यात तू नक्की काय केलंस?"

"मी त्यांना समजावून सांगितलं," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली. "त्यातूनसुद्धा वाचले."