अण्णांनी भरलेली खोबण

अण्णा गेल्याचा फोन सकाळी सहाला आला, तेव्हा माझा डावा डोळा धुवायला पाण्याच्या वाटीत होता. वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटंल, पण खरं तेच. हा डोळा नकली हाय आणि तो अण्णांनी केलेला हाय. फोन त्यांच्या पोराचा, सुधीरचा. म्हणाला, "काका, पाचला गेले. तुम्ही लगेच निघा, आई ऐकत नाही." काय ऐकत नाय ते मी विचारलं नाय. अण्णांनी नेत्रदानाचा कागद भरला होता, त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही हाय. वेडीवाकडी, पण माझी. मरणानंतर सहा तासांच्या आत डोळे काढले तरच कामाचे, हे त्यांनीच सांगितलेलं. डोळा पुसला, बसवला आणि वैजापूरहून औरंगाबादची मिळंल ती बस धरली. ह्याला आता महिना झाला. लिहायची सवय नाय, तिसरीतनं शाळा सुटली... पण अण्णांवर दुसऱ्या कुणी लिहावं आणि मी गप वाचावं, हे मला जमणार नाय.

शाळा सुटली ती डोळ्यापायीच. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या साली विटी लागली. औरंगाबादच्या दवाखान्यात डोळा काढून टाकला आणि खोबण तशीच ठेवली. पोरं शुक्राचार्य म्हणायला लागली. एकाच्या डोक्यात पाटी घातली आणि मास्तरनं हाकलायच्या आधी मीच घरी आलो. पुढं मोंढ्यात मापाडी झालो. कांदा, कापूस, बाजरी, समदं मापलं, काळा चष्मा लावून. खोबण कुणाला दावली नाय. आमच्या मंडळींनाही नाय. तोंड भिंतीकडं करून धुवायचो. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनीच हट्ट धरला, "व्याह्यांपुढं तो चष्मा नको," आणि मला गुलमंडीच्या मागच्या बोळात अण्णांकडं आणून बसवलं. स्वतः बाहेर पायरीवर थांबल्या.

अण्णा आधी फोटो रंगवायचे. काळ्या-पांढऱ्या फोटोत ओठ लाल, शालू हिरवा, तसलं काम. ते बंद पडलं तेव्हा एका डॉक्टरनं त्यांचा हात बघून डोळे रंगवायला शिकवलं. माझ्या खोबणीत बॅटरी मारून त्यांनी विचारलं, "किती वर्षं रिकामी?" म्हटलं, तीस झाली. म्हणाले, "तीस वर्षं घर बंद ठेवलं, आता म्हणता सामान का बसत नाही! भिंती आत आल्यात, मापाडी." मला राग आला. उठणार होतो, तर त्यांनी माझंच बोट धरून माझ्या हाडावर फिरवलं. हे भुवईचं, हे गालाचं, हे नाकाच्या कडेचं. सात हाडं मिळून एक खोबण होती. मी म्हटलं, वाटीच की. "वाटी नव्हे, नरसाळं. मागे निमुळतं. तिथल्या भोकातून दोर मेंदूकडे जातो. आणि हे नाकाकडचं हाड तुमच्या कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ." बांगड्या गवतात ठेवतात तसा डोळा आत चरबीत ठेवलेला असतो आणि सहा कासरे त्याला फिरवतात, हेही तिथंच कळलं. "बैल गेला तरी कासरे आत आहेत. थोडंफार हलवतील." चाळीशीला आलेल्या माणसाला त्याच्याच तोंडातली हाडं कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं. मी बसून राहिलो.

मग आत बसवायची प्लास्टिकची कवडी, आधी लहान, महिन्यानं मोठी, अशी खोबण पसरवत नेली आणि शेवटी रंगवलेला डोळा बसवला. पण मी घोळ घातला. रोज झोपताना डोळा काढून ठेवायचो. उघड्या डोळ्यानं मुडदा निजतो, असं आमच्या आईचं म्हणणं, आणि पापणी तर पुरती मिटत नव्हती. महिन्यानं डोळा बसंना. अण्णा भडकले, "रात्रभर उपाशी ठेवता त्या खोबणीला? आवळणारच ती!" मी म्हटलं, माझा डोळा हाय, मी ठरवीन. "डोळा माझा आहे. खोबण तेवढी तुमची." दोन महिने मी तिकडं फिरकलो नाय. शेवटी लग्नाला पंधरा दिवस राहिले तेव्हा गेलो. त्यांनी बारकी कवडी काढून पुन्हा पहिल्यापासून धरलं. लग्न मी काळ्या चष्म्यातच उरकलं. ते अजून सलतं... चूक माझी होती, हे मात्र त्यांना कधी म्हटलो नाय. त्यानंतर चार डोळे केले त्यांनी मला.

त्या दिवशी पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. ओट्यावर नेत्रपेढीची दोन माणसं डबा घेऊन बसली होती, घड्याळ बघत. आत अण्णा. दुखण्यानं खोबणीतली चरबीसुद्धा आटली होती, डोळे पार आत गेले होते. वहिनी उशाशी बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सही केलीत ना? मग ऐका. जन्मभर ह्यांनी लोकांच्या खोबणी भरल्या, आणि ह्यांची रिकामी करून पाठवू? पुण्याहून मुलगी निघाली आहे. तिने दोन खड्डे बघायचे?" सुधीर भिंतीला टेकून उभा. शेजारपाजारचे, नात्यातले, दहा-बारा माणसं. मी म्हटलं, खड्डा दिसत नाय वहिनी. "तुम्हाला काय माहीत?" म्हणाल्या, आणि लगेच त्यांचं त्यांनाच कळलं.

लई थकल्यासारखं झालं मला. जिना चढून आल्यावर होतं तसं. मी त्यांच्यापुढं बसलो, खालची पापणी ओढली आणि डोळा हातावर काढला. कुणीतरी बाई 'अगं बाई' म्हणाली. वहिनींनी नजर काढली नाय. पापणी उघडून दावली, मग मिटून दावली. म्हटलं, "आत नुसतं मांस हाय, लाल, स्वच्छ. त्यांच्या आत तर कापूस ठेवतात, वर प्लास्टिकची गोल टोपी ठेवतात, मग पापणी मिटतात. मिटल्यावर कळतं का, बघा." त्यांनी हात पुढं केला, मिटलेल्या पापणीवर बोट ठेवलं. "दुखतं?" म्हटलं, आता नाय. त्यांनी बोट उचललं. मग सुधीरला म्हणाल्या, "बोलव त्यांना."

अर्ध्या तासात झालं. चेहरा झोपलेल्या माणसाचा. उलट डोळे जरा वर आल्यासारखे वाटत होते. दोनला लेक आली, कपाळावरून हात फिरवत रडली, तिला काही कळलं नाय.

संध्याकाळी घरी आलो. आमच्या मंडळींनी दारातच विचारलं, "अवो, डोळा असा नाकाकडं का बघतोय?" गडबडीत वाकडा बसवला होता मी, दिवसभर तसाच फिरलो आणि कुणी सांगितलं नाय. अण्णा असते तर दारातनंच ओरडले असते. मी सवयीनं भिंतीकडं वळलो... आणि वळून काय लपवायचं, असं झालं. दहा-बारा परक्या माणसांनी बघितलं होतं. जिनं पन्नास वर्षं भाकर वाढली तिनंच तेवढं नव्हतं बघितलं. तिथंच बाजेवर बसलो, डोळा काढला. त्या पाणी घेऊन आल्या.

डोळा आता घासला गेलाय, पापणीला टोचतो. सुधीर म्हणतो, नवा करून घ्या, दवाखान्यात नवा माणूस आलाय. मी नाय म्हटलंय. सकाळी दाराच्या उजेडात उभा राहतो. अण्णा डोळा बसवून झाला की तसंच उभं करायचे आणि सांगायचे, वर बघा, खाली बघा, डावीकडं, उजवीकडं. ते मी मंडळींना शिकवलंय. त्या डावं-उजवं चुकतात. मी त्या सांगतील तिकडं बघतो.