भरत्या वाफ्याचा आवाज

तापलेल्या वाफ्यात पाटाचे पहिले पाणी शिरते, तेव्हा मातीतून एक सुस्कारा निघतो. मग बारीकशी चुरचुर, आणि वाफा भरत आला की तीही हळूहळू निवत जाते. निमोण्याच्या आमच्या शेतावर हे संगीत मला दादाने, माझ्या थोरल्या भावाने, शिकवले. वैशाखातल्या सकाळच्या कोवळ्या उन्हात तो मला बांधावर डोळे मिटून बसवी आणि म्हणे, "बघू नगंस, ऐक. वाफा गप झाला की दारं मोडायचं." म्हणजे पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवायचे. भुईमुगाच्या गर्द पानांखाली दडलेले पाणी डोळ्यांना कुठे दिसते? ते कानांनीच पाहावे लागते.

पुढे दादा रांजणगावला कारखान्यात लागला. पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या त्या गदारोळात वर्षानुवर्षे राहूनही त्याचे कान शाबूत राहिले, कारण कानात प्लग घातल्याशिवाय तिथे कुणाला आत सोडतच नाहीत. सुट्टीला शेतावर आला, की पाण्याची चाहूल त्याला सगळ्यांच्या आधी लागे.

गेल्या उन्हाळ्यात दौंडला, माझ्या सासरी, माझ्या मुलाची वरात निघाली. नवरदेवाचा मामा म्हणून डीजेपुढची पहिली जागा दादाच्या मानाची! दुकानांचे पत्रे थरथरत होते, छातीत धडधड शिरत होती. प्लग त्याच्या खिशातच होते. मी खुणेने विचारले, तर माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "भाच्याच्या वरातीत बोळं घालू व्हय? लोक काय म्हणतील!" यंत्रापासून इतके जपलेले कान माणसाने आनंदावरून असे ओवाळून टाकावेत! संकट दुःखाच्याच वाटेने येते असे आपण धरून चालतो. हौसेच्या वाटेवर पहारा कोण ठेवतो?

त्या वरातीनंतर डाव्या कानात शिट्टी बसली, ती बसलीच; उजवाही मंदावला. कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, असे शिरूरच्या डॉक्टरांनी समजावले. बाहेर येऊन दादा एवढेच म्हणाला, "जळालेलं बी हाय. उगवायचं न्हाई." मला रडू आवरले नाही.

उद्या माझ्या पुतणीचे, दिराच्या मुलीचे, लग्न. दादाला दौंडला न्यायला म्हणून मी आज निमोण्याला आले, तर तो भुईमुगाला पाणी देत होता. फावड्यावर रेलून, उजवा कान वाफ्याकडे करून बराच वेळ वाकून राहिला. मग माझ्याकडे न बघताच त्याने विचारले, "भरला का गं?"

मी डोळे मिटले. चुरचुर निवली होती.

"भरला," मी मोठ्याने म्हणाले.

त्याने दारं मोडले. हात सदऱ्याला पुसून खिशातून प्लगची नवी जोडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "उद्या वरातीत घाल. हसलं कुणी तर हसू दे. आता तुज्या कानांवर दोघांचं भागवायचंय."

पुढच्या कोरड्या वाफ्यात पाणी शिरले, मातीने सुस्कारा सोडला, आणि मी दोघांसाठी ऐकू लागले.