न बांधलेला गंडा

अपमान माझ्या आईचा झाला. ऑकलंडपासून दीड तासावरच्या रोटोटुनात, ताईंच्या बैठकीच्या खोलीत, २०१६ च्या मार्चमधल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजता. चाळीस माणसं होती. सगळी मराठी, सगळी शिकलेली.

ताई म्हणजे माझ्या गाण्याच्या गुरू. पाच वर्षं शिकले त्यांच्याकडे. वर्षभर नुसता यमन घोटला. पोरिरुआपासून ऑकलंडपर्यंत त्यांच्या मैफलीत मागे बसून तानपुरा धरला. त्या शनिवारी त्या दोघींना गंडा बांधणार होत्या. एक मी, दुसरी आठ महिने शिकलेली. मनगटावर धागा बांधायचा, गूळ-हरभरे भरवायचे, की शिष्या झाली. मग पुढे बसून गायचं. शब्द ताईंनीच दिला होता.

त्यासाठी आई नांदेडहून आली. सोबत गुळाची ढेप. विमानतळावर तिने ती डिक्लेअर केली. ऑफिसरने उघडली, वास घेतला, परत दिली. देशाला चालला तो गूळ.

सगळे जमले. ताई प्रेमानं म्हणाल्या, "काकू, हिचा गळा तुमच्याकडूनच आला म्हणे. होऊ दे एखादी ओळ."

"आमचं कसलं गाणं, ताई. मंडपातलं."

"असू दे हो."

आई गायली. आम्ही बौद्ध. जयंतीच्या मंडपात माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज आहे तिचा. तळ्याच्या पाण्याचं गाणं होतं. दुसऱ्या ओळीलाच आम्ही कोण ते कळलं सगळ्यांना. एक काका म्हणाले, "हळू हो, शेजारचा गोरा नॉइज कंट्रोलला फोन करेल." हसले सगळे.

आणि मी? मी म्हणाले, "आई, पुरे."

आई थांबली. ओळीच्या मध्येच.

ताईंनी मला किचनमध्ये नेलं. "अगं, आधी सांगायचंस ना. माझ्या मनात काही नाही. पण आमच्या गुरुजींच्या घराण्याची शिस्त आहे. तुझा गंडा पुढे बघू. तानपुऱ्याला मात्र मला तूच हवीस हं."

बाहेर येऊन त्यांनी दुसरीला गंडा बांधला. भरवला तो इंडियन दुकानातला गूळ. आईची ढेप ओट्यावर, कागदात तशीच.

"चल, तानपुरा घे. हिला गायचंय."

माझे हात गेलेही. पाच वर्षांची सवय. खर्जाची तार उतरली होती, ती मी लावलीसुद्धा. मग आईकडे पाहिलं. ती खाली बघत होती. काकांमुळे नाही. माझ्यामुळे.

तानपुरा गादीवर आडवा ठेवला. "ताई, मी मागे बसणार नाही. आज नाही, कधीच नाही."

"गुरूचा अपमान करतेस?"

"शिष्या केली कुठे तुम्ही?"

आईला घेऊन बाहेर पडले. माफी फक्त तिची मागितली. तिने अजून दिलेली नाही. बरोबर आहे तिचं.

मी गाते. आधी आईचं गाणं, मग यमन. नावापुढे कुणाचं घराणं लावत नाही, लावणार नाही.

आता तुमचं बोला. त्या चाळिसांत तुम्ही होतात. दर रविवारी मुलीला ताईंच्या क्लासला सोडता आणि गाडी वळवता. या रविवारी गाडीतून उतरा. आत जा. सगळ्यांसमोर ताईंना विचारा, मागे तानपुरा धरणारीला गंडा का बांधला नाही. उत्तर मिळेपर्यंत तुमच्या मुलीला तिथे गायला बसवू नका.