काळीज दिलेल्या नवऱ्याचा सत्कार

संयोगितावहिनींची कावीळ सगळ्यात उशिरा त्यांच्या घरच्यांच्याच लक्षात आली. त्याला कारण होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाला वहिनींचं चटणी-कांडप आहे. उन्हाळ्यात अख्ख्या पेठेची मिरची आणि हळद तिथं कुटली जाते. त्यामुळं वहिनींचे हात पिवळे दिसले तर ते हळदीनं, अंगाला खाज सुटली तर ती मिरचीनं, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. डोळे पिवळे झाले तेव्हा त्यांचे यजमान उदयसिंह म्हणाले, "जरा त्वांड धू की नीट."

मग ही कावीळच असं ठरलं आणि उपाय सुरू झाले. पन्हाळ्याकडच्या एकानं नाकात कसलासा पाला पिळला. दुसऱ्यानं डोक्यावर मंतरलेली माळ ठेवली. माळ डोक्यावरून कमरेपर्यंत उतरली, कावीळ काही उतरली नाही. शेवटी मुलगी स्वप्नाली सासरहून आली आणि आईला दवाखान्यात घेऊन गेली. तिथून पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. यकृताच्या दोन्ही भागांतून पित्त आणणाऱ्या नळ्या जिथं एकत्र येतात, नेमकी तिथं गाठ आहे. कॅन्सर आहे. जागा अशी अडचणीची की नुसती गाठ कापून काढता येत नाही. पण ती लहान आहे, कुठं पसरलेली दिसत नाही. "आधी केमो आणि रेडिएशन. मग पोटात कुठं पसरलं नाही ना, हे पुन्हा बघायचं. आणि मग अख्खं यकृतच बदलायचं. हे सगळ्यांना करता येत नाही. यांना करता येईल."

"यकृत म्हंजे काळीज की ओ?" उदयसिंहांनी विचारलं.

"हो. घरातल्या कुणीतरी तुकडा द्यायचा. देणाऱ्याचं परत वाढतं."

कोल्हापुरात परत आल्यावर आठवडाभर वहिनींना काळजांचा तोटा नव्हता. भाऊ हंबीरराव तर छातीवर हात मारून म्हणाला, "ताई, तुकडा काय मागतीस? अख्खं काळीज काढून देतो की!" तपासणीच्या दिवशी त्याचा मोबाईल बंद होता. संध्याकाळी त्यानं कॅनभर उसाचा रस पाठवला, काविळीला चांगला असतो म्हणून. स्वप्नालीला दिवस गेलेले, तिचा प्रश्नच नव्हता. राहिले उदयसिंह.

उदयसिंह म्हणजे फौंड्रीत सुपरवायझर, तालमीचे उपाध्यक्ष आणि रविवारच्या मटणाला कधी खाडा नाही. त्यांच्या काळजावर चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत आठ किलो वजन उतरवा. दारू बंद, मटण बंद.

त्या दिवसापासून घरातला पेशंट बदलला. वहिनी केमो घेऊन, ओकून-ओकून पडलेल्या असायच्या. बेल वाजली की त्याच उठून दार उघडायच्या आणि पाहुणे आत येऊन उदयसिंहांचा हात हातात घ्यायचे. "कसं काढताय ओ दिवस मटणाबिगर?" धोंडुबाई आत्यानं तर भाच्याचे गाल चाचपले. "वाळून गेलं की माझं लेकरू!" आणि वहिनींना बजावलं, "त्येच्याकडं ध्यान दे बाई. लई नाजूक झालाय त्यो." वहिनी त्यांच्याकडं ध्यान देत होत्याच. उकडलेला दुधी त्याच करत होत्या.

एकदा उदयसिंह फिरून आले आणि नुसतेच उंबऱ्यावर बसले.

"मटणाच्या दुकानापातूर गेलतो," ते म्हणाले. "परत आलो."

"खाल्लं असतंसा तर मी काय पोट फाडून बघणार हुते?"

"तू न्हाय गं. डॉक्टर फाडून बघणार हाय."

दोघंही हसले. त्या आजारात एकत्र हसलेले ते पहिल्यांदाच.

पुण्यात अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढं उदयसिंहांना विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? ते म्हणाले, "तिनं मागितलंच न्हाय ओ. मागितलं असतं तर न्हाय म्हणायला तरी जागा हुती." वॉर्डात नर्सनं सवयीनं वहिनींनाच विचारलं, "देणाऱ्या तुम्हीच ना?" तिचंही चुकलं नव्हतं. आजूबाजूला देणाऱ्या सगळ्या बायका होत्या, कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची बहीण. शेजारच्या खाटेवरची रुद्राणी गडहिंग्लजच्या पुढच्या गावची. तिनं नवरा सोमशेखरला काळीज दिलं होतं. पोटाचे टाके ओले असताना तिला सासूचा फोन आला, म्हशी आटायला लागल्यात, कधी येतीस?

ऑपरेशनच्या सकाळी दोन स्ट्रेचर शेजारी उभी होती. उदयसिंह हळूच म्हणाले, "भ्या वाटतंय गं."

"मलाबी," वहिनी म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत उदयसिंहांनी त्यांचा हात धरला.

ऑपरेशन चांगलं झालं. दोघं परत आले आणि चौकात फलक लागला: 'काळीजदाता ढाण्या वाघ!' त्यावर उदयसिंह गॉगल घालून, त्यांच्यावर चार पुढारी, आणि वहिनींचा फोटो कुठंच नाही. सत्काराला वहिनींना जाता येत नव्हतं, गर्दीत संसर्गाची भीती. त्या खिडकी लावून घरात बसल्या, पण स्पीकर खिडकीला कुठं ऐकतोय? "पतीनं पत्नीला काळीज देणं ही क्रांती आहे!" असं एक पुढारी ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी तालमीचे अध्यक्ष भेटायला आले. वहिनी मास्कमधून म्हणाल्या, "रुद्राणी म्हणून एक बाई हाय, तिनं नवऱ्याला दिलंय. तिचाबी सत्कार करा की."

अध्यक्ष गोंधळले. "वैनी, ते काय… बायकूनं द्यायचंच असतंय की. त्यात सत्कार कसला?"

वहिनींनी नवऱ्याकडं बघितलं. उदयसिंहांनी चहा संपवला आणि टीव्हीकडं तोंड केलं.

पुढं डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटल्यावर वहिनी म्हणाल्या, "गाडी काढा. आणि फेट्याचं कापड घ्या."

रुद्राणी गोठ्यात होती. सोमशेखर खाटेवर, पुढ्यात द्राक्षं. वहिनींनी तिला ओढून अंगणात खुर्चीवर बसवलं आणि उदयसिंहांना म्हणाल्या, "बांधा." बाईच्या डोक्याला फेटा बांधायची उदयसिंहांची ही पहिलीच वेळ. हात जरा अडखळला, पण बांधला. सासू कानडीत ओरडली, "अय्यो, इदेन्री! ह्ये काय ओ!" रुद्राणी पोट धरून हसत म्हणाली, "अक्का, पुरे, टाक्याची जागा दुखतीय."

उदयसिंहांनी फोटो तालमीच्या ग्रुपवर टाकला. परतीच्या वाटेवर उत्तरं यायला लागली. 'फेटा झकास!' 'कोण बांधला? दादा, तुमीच काय?' 'हातात कला हाय!' उदयसिंह खुशीत मोठ्यानं वाचत होते. वहिनींनी खिडकीकडं तोंड केलं. मग उदयसिंहांनी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ लावून लिहिलं, 'फेट्याचं ऱ्हाऊ द्या. डोस्कं कुणाचं हाय ते बघा.'

त्यावर मात्र ग्रुपवर कुणी काही बोललं नाही.

पुढचं स्कॅन स्वच्छ आलं. अजून काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. धूळ चालत नाही म्हणून वहिनी आता कांडपात जात नाहीत. रविवारी तिथं उदयसिंह बसतात, शिंकून-शिंकून लालबुंद होतात, आणि वहिनी घरातून फोनवर ओरडतात, "मिरची भाजली का न्हाय नीट? हितंपातूर कच्चा वास येतोय!"