पहिल्या हॅलोपुरतं

मोठ्या कंपनीत तिला सगळे शेपटीताई म्हणायचे. नाव काही फार शोभेचं नव्हतं, पण कामावरून पडलं होतं, म्हणून तिने ते मनाला लावून घेतलं नाही. तीन इमारतींत पसरलेली, सहाशे माणसांची ती व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी, आणि त्या सहाशेंत घोड्याच्या शेपटीचं खातं हिच्याकडे. शेपटी वाऱ्यावर कशी उडते, भिजली की केस कसे चिकटतात, चिखलातून पळाल्यावर टोकाला गुंता कसा होतो, यात तिची अडीच वर्षं गेली. गेम बाहेर आला तेव्हा लोकांनी तो डोक्यावर घेतला. एका परीक्षणात तर शेपटीवर चक्क एक ओळ होती. तिने ती आईला चार वेळा वाचून दाखवली.

गेम संपला की बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर सरकतात. ती बघायला आई मुद्दाम खुर्ची ओढून बसली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, नावं सरकतच होती. बाविसाव्या मिनिटाला आईला शिंक आली आणि तेवढ्यात लेकीचं नाव वर निघून गेलं.

"आलं होतं?"

"आलं आणि गेलं."

"अगं, एवढ्या माणसांत एक गाव वसलं असतं," आई म्हणाली. "आणि सगळी मिळून एक घोडा करत होतात?"

"घोड्याखेरीज बाकीचंही असतं गं."

गेमनंतर कंपनीने दीड महिन्याची सुट्टी दिली. त्याच आठवड्यात आई बाथरूमच्या पायरीवर घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. सहलीचे बेत गुंडाळले गेले. लेक आईची वेणी घालायला लागली, आणि अडीच वर्षं केसांत घालवलेल्या बाईला साधी वेणी सरळ येत नाही, हे घरात पहिल्यांदा उघड झालं.

एका दुपारी फोन वाजला. लेकीचे हात ओले होते, म्हणून आईने डाव्या हाताने उचलला. नंबर चुकीचा लागला होता. पण आई म्हणाली, "बोला, कोणता नंबर हवाय आपल्याला?" आणि तो आवाज ऐकून लेक स्वयंपाकघराच्या दारात थबकली. तो रोजचा, भाजीवरून कुरकुरणारा आवाज नव्हता. सरळ, मऊ, इस्त्री केल्यासारखा. आईने सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरचं काम केलं होतं. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी कधी खोदून विचारलं नव्हतं.

लेकीने विचारलं, आणि आईची कळी खुलली. समोर उंच बोर्ड, त्यात भोकांच्या रांगा. फोन आला की त्या भोकावरची पितळी झाकणी पडायची. मग दोरीचं टोक खुपसायचं, कोण हवंय ते विचारायचं, दुसरं टोक त्या माणसाच्या भोकात घालायचं. हातांना क्षणाची उसंत नाही.

"आणि पहिल्या हॅलोवरून कळायचं," आई म्हणाली.

"काय कळायचं?"

"बातमी चांगली की वाईट. जावई बोलतोय की मुलगा. उसने मागायला फोन केलाय की परत द्यायला. सगळं त्या एका शब्दात असतं."

त्या रात्री झोपताना लेकीच्या डोक्यात तो बोर्ड होता आणि सकाळी तो कागदावर होता. दहा दिवसांत घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिने छोटासा गेम उभा केला. एक खोली, एक खुर्ची, एक बोर्ड. झाकण्यांच्या जागी तिने छोटे दिवे लावले, कारण दिवे दिसायला बरे. खेळणाऱ्याने फोन जोडायचे आणि हेडफोनमधून लोकांची बोलणी चोरून ऐकायची. कोण कुणाला फसवतंय, कुणाचं कुणाशी जुळतंय, यातून एक भानगड उलगडत जायची.

आईने डाव्या हाताने खेळायला सुरुवात केली. पहिला फोन जोडला, दुसरा जोडला. तिसऱ्याला तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"हे मला चालणार नाही."

"अवघड जातंय का?"

"अवघड कसलं? जोडून दिलं की आपली ऐकायची कळ वर करून बंद करायची आणि आपण बाजूला व्हायचं. लोकांचं बोलणं ऐकायचं नसतं. सव्वीस वर्षांत मी एकदाही ऐकलं नाही, आणि तू मला घरबसल्या चोर केलंस."

"आई, हा खेळ आहे. ऐकायचं नसेल तर मग त्यात उरलं काय?"

"उरलं ते आमचं काम," आई म्हणाली आणि उठून गेली.

दोन दिवस घरात बोलणं कामापुरतं चाललं. लेक मनात धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी ती आईला दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन वाजला. ते "हॅलो" म्हणाले आणि उठून कोपऱ्यात गेले. पुढचं काही ऐकू आलं नाही. तरी लेक त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तो हॅलो घाबरलेला होता. पाच मिनिटांनी ते परतले तेव्हा म्हणाले, "बरं, ठेवतो," आणि तो आवाज मोकळा होता. मधल्या पाच मिनिटांत काय झालं असेल, याच्या तीन गोष्टी तिने आईचा नंबर लागेपर्यंत मनाशी रचल्या.

घरी येऊन तिने सगळी संभाषणं काढून टाकली. आता खेळणाऱ्याला ऐकू येई तो फक्त पहिला हॅलो आणि शेवटचा निरोप. मधल्या वेळात कळ वर, आणि हात पुढच्या फोनला. ज्याचा हॅलो बुडत्याचा वाटेल त्याला रांग मोडून आधी जोडायचं, एवढाच निर्णय. आईने पुन्हा खेळून पाहिलं आणि एकच गोष्ट सांगितली: "खुर्ची जरा उंच कर."

सुट्टी संपल्यावर ती कामावर गेली आणि साहेबांना भेटून आपल्या गेमला वेळ मिळावा म्हणून तिने आठवड्याला तीनच दिवस काम मागितलं. साहेब माणूस मोठ्या मनाचे. त्यांनी गेम बघायला मागितला, खोलीचं दार लावून पाऊण तास खेळले, आणि बाहेर आले ते बेत घेऊनच.

"हे आपण कंपनीतून करू. बोर्ड राहू दे, पण भोवती शहर उभं करू. खेळणाऱ्याला फोन करणाऱ्याच्या घरी चालत जाता आलं पाहिजे. चेहरे, रस्ते, हवामान. साठ माणसं देतो तुला."

तिला हसू आलं, आणि मोहही झाला. साठ माणसं काय करू शकतात हे तिच्याहून चांगलं कोण जाणणार? मोठ्या गेममध्ये तिने पाहिलेली पहाट तिला खऱ्या पहाटेपेक्षा आवडली होती. त्या कामाला नावं ठेवणाऱ्यांचं तिला कधी पटलं नव्हतं. तिने एक रात्र विचार केला आणि सकाळी साहेबांना सांगितलं, "घर दिसलं की हॅलो कोण ऐकेल, साहेब?"

साहेबांनी डोकं खाजवलं. "वेडी आहेस," ते म्हणाले. पण तीन दिवस मंजूर केले, आणि रविवारी कंपनीची रेकॉर्डिंगची खोली वापरायची परवानगीही दिली.

कंपनीतला आवाजवाला, जो एरवी तलवारींचे खणखणाट करायचा, तो आपणहून मदतीला आला. त्याने आणि आईने मिळून हॅलो गोळा केले. धोबी, दंतवैद्य, खालच्या मजल्यावरच्या दोन जावा, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मुख्याध्यापकांचा हॅलो काही केल्या खेकसल्याशिवाय येईना, तेव्हा आईने तो तसाच घेतला. म्हणाली, "एक्स्चेंजला असेही असायचे." शेवटी एकशे चाळीस हॅलो जमले आणि गेम लोकांसमोर ठेवला गेला.

धूमधडाका काही झाला नाही. पहिल्या महिन्यात काही शे लोकांनी खेळला. बऱ्याच जणांना आवडला, काहींनी लिहिलं की यात काहीच होत नाही. मग एक पत्र आलं. लिहिणाऱ्याला जन्मापासून दिसत नव्हतं. मोठ्या गेममधलं काही त्याच्या वाट्याला येत नसे. शेजारी बसलेला भाऊ सांगेल तेवढंच. हा गेम त्याला जवळजवळ पूर्ण खेळता येत होता. फक्त एक अडचण होती: नवा फोन आला की दिवा लागतो, तो त्याला कळायचा कसा?

लेकीने पत्र मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, "पण आमच्या बोर्डाला दिवे नव्हतेच. झाकणी पडली की टक् व्हायचं. तिसऱ्या खुर्चीवरच्या आमच्या मैत्रिणीला दिसायचं नाही. त्या टक् वर तिचा हात बरोबर त्याच भोकावर जायचा. आमच्यात सगळ्यांत जलद तीच होती."

"मग हे टक् मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. तुला दिवे आवडले होते."

पुढच्या रविवारी आवाजवाला पिशवीभर वस्तू घेऊन घरी आला. चमचे, कात्र्या, कुलपं, पेटीची कडी. एकेक वाजवायचा आणि विचारायचा, "काकू, हा?" आई डोळे मिटून मान हलवायची: "हा जाड आहे." "हा घाबरट आहे." दोन तास गेले. शेवटी त्याने कंटाळून खिशातल्या मलमाच्या पत्र्याच्या डबीचं झाकण बोटाने पाडलं, आणि आईचा बरा झालेला उजवा हात आपसूक वर उचलला गेला.

दिवे काढून टाकले. झाकण्या आल्या, आणि डावीकडची झाकणी डाव्या कानात, उजवीकडची उजव्या कानात टक् करू लागली. पत्र लिहिणाऱ्याचं उत्तर आलं: एकेचाळीस फोन, एकही चूक नाही. लेकीची स्वतःची मजल तेविसाच्या पुढे कधी गेली नव्हती.

"त्याला लिही," आई म्हणाली, "आमच्या वेळी असता तर दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतला असता."

आता ती सोमवार ते बुधवार कंपनीत नव्या गेमसाठी अस्वलाची ओली फर करते, आणि ती उत्तम होते. गुरुवारी सकाळी आई जेवणाच्या टेबलावरची भांडी सरकवून जागा करते. सध्या दोघींचा वाद चालू आहे तो ऑपरेटरच्या चहाच्या सुट्टीवरून. लेक म्हणते पाच मिनिटं पुरेत. आई म्हणते, कधीच मिळायची नाहीत, पण तू दहा ठेव.