सुकलालकाकांचा भारी धान

सुकलालकाका कोणाच्याही अंगणात गेले की वाळत घातलेल्या धानातून मूठभर उचलायचे, तळहातावर पसरायचे आणि जोरात फुंकर मारायचे. पोचट दाणे उडाले की घरमालकाला तोंडावर सुनवायचे, "हा धान नाही जी, हा भुसा होय." लोक वैतागायचे, तरी चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत.

सालेकसा तालुक्यातल्या त्यांच्या गावी मी २००८ साली गेलो. बदलत्या हवामानाचा भातशेतीला कितपत धोका आहे, हे गावोगाव फिरून तपासायचं आमच्या संस्थेचं काम होतं. पाऊस कमी झालाय का, असं विचारलं तर काका माझ्यावरच खेकसले. "कमी कायले होईल? तेवढाच येऊन राहिला. पण बोलावलं तवा येत नाही, अन् हाकललं तवा जात नाही." मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

त्यांचा जीव अडकला होता तो भारी धानात. भारी म्हणजे उशिरा पिकणारा. हलका धान दिवाळीआधी कापून होतो, भारी मात्र शेवटच्या पावसाची वाट बघत उभा राहतो. तो पाऊस आताशा दगा द्यायचा आणि लोंब्या रिकाम्या राहायच्या. गावात एकेकाने तो धान सोडला, बियाणं फक्त काकांकडे उरलं. "हलका खाल्ला का दुपारीच भूक लागते," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्या बायकोने, गोमतीकाकूंनी, कपाळाला हात लावला होता.

तपासणीत दिसलं ते मी त्यांना सरळ सांगितलं. सगळ्यात जास्त धोका ह्याच धानाला होता. "मंग तोही जाईल अन् मीही," काका म्हणाले. पण पुढल्या पावसाळ्यात त्यांनी निमूट सगळीकडे हलका रोवला. तळ्याखालच्या एका बांधीत, म्हणजे खाचरात, तेवढा भारी ठेवला, बियाण्यापुरता. "वंश तं राह्यला पाह्यजे."

नेमका त्याच वर्षी हलका धान कापून शेतात पडला होता आणि पाऊस आला तो हटेचना. पडल्या धानाला जागीच कोंब फुटले. काका चिखलात उभे राहून ओल्या पेंढ्या पालटत राहिले. अंगात ताप होता, पण ऐकतील तर ते काका कसले. मी फोन केला तर म्हणाले, "भाऊ, पावसाले थांबाले सांग, मंग मी थांबतो." आठवड्याच्या आत गेले. मला फार लागलं ते. त्याच पावसावर तळ्याखालचा भारी धान दाणा भरून पिकला, आणि तो बघायला काका नव्हते.

तेरवीला गेलो. पत्रावळीवर भात पडला आणि त्याच्या वासानेच कळलं की हा नेहमीचा नव्हे. जेवण झाल्यावर आत जाऊन काकूंना विचारलं.

"त्याइचाच होय जी, तळ्याखालचा. परवाच कापून कांडला," काकू म्हणाल्या. "हलका तं सडला. मंग त्याइच्या तेरवीले इकतचा तांदूळ आणाव का? आमच्यात नाही चालत."

"बियाण्याला किती ठेवला?"

काकूंनी कोपऱ्यातल्या रिकाम्या कणगीकडे बघितलं. "पंगत मोठी होती जी. सारं गाव आलं, एकही घर मागं नाही राह्यलं."

मीही दोनदा भात मागून घेतला होता.